विक्रीनंतरची जबाबदारी : एका कॅमेरा कारखान्याचा इतिहास आणि रुग्णसेवा

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाचे ताळेबंद, शस्त्रक्रियांचे आकडे आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला एखादा अभ्यासलेख असावा, अशी आमची भूमिका आहे. यंदाच्या लेखाचा विषय प्रथमदर्शनी वैद्यकाच्या कक्षेबाहेरचा वाटेल. कॅमेरे आणि फिल्म तयार करणाऱ्या कंपन्यांनी आपल्या मालातील दोषांच्या बाबतीत ग्राहकांशी कसा व्यवहार केला, याचा हा अभ्यास आहे. रुग्णालयाने कॅमेरावाल्यांकडून काय शिकावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच पुढील विवेचन.

न पाहता घेतलेला माल

बाजारात आपण भाजी निवडून घेतो, कापड हाताने चाचपून पाहतो, धान्याचा दाणा दाताखाली धरतो. छायाचित्राच्या फिल्मचे मात्र तसे नाही. ती पाहण्यासाठी वेष्टन उघडावे, तर उजेड लागून ती वाया जाते. तिचा खरेखोटेपणा कळतो तो छायाचित्र घेऊन झाल्यावर, रसायनात धुऊन काढल्यावर. तोवर लग्नसमारंभ आटोपलेला असतो, प्रवास संपलेला असतो, ज्याचे चित्र घ्यायचे ती व्यक्ती कदाचित या जगातही नसते. फिल्म बदलून मिळेल, तो क्षण मिळणार नाही.

रुग्णसेवेचे स्वरूप नेमके असेच आहे. रुग्णाला शस्त्रक्रिया आधी पारखून घेता येत नाही. रक्ताची पिशवी, सुईतील औषध, सांध्यात बसवलेले रोपण, प्रयोगशाळेने दिलेला अहवाल यांपैकी काहीही तो स्वतः तपासू शकत नाही. जेथे घेणाऱ्याला परीक्षा करता येत नाही, तेथे संपूर्ण व्यवहार देणाऱ्याच्या शब्दावर चालतो. म्हणून अशा ठिकाणी देणाऱ्याची जबाबदारी माल हातावेगळा झाल्याने संपत नाही. किंबहुना तिचा खरा कस त्यानंतरच लागतो. हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

रॉचेस्टरमधील कसोटी

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर या गावी जॉर्ज ईस्टमन (१८५४-१९३२) नावाचा एक तरुण बँकेत कारकून होता. त्या काळी छायाचित्रण हे मोठे कष्टाचे काम असे. काचेच्या तुकड्यावर रसायनाचा ओला लेप द्यायचा, तो वाळण्यापूर्वी चित्र घ्यायचे आणि लगेच धुवायचे, असा प्रकार होता. बाहेरगावी जायचे तर अंधारा तंबू आणि रसायनांच्या बाटल्या बरोबर न्याव्या लागत. जिलेटिन आणि चांदीचे क्षार यांचा कोरडा लेप दिलेल्या काचा इंग्लंडमध्ये तयार होऊ लागल्या होत्या. त्या साठवून ठेवता येत. ईस्टमन यांनी नोकरी सांभाळून रात्री प्रयोग केले, १८८० मध्ये अशा काचांचे व्यापारी उत्पादन सुरू केले आणि १८८१ मध्ये हेन्री स्ट्राँग यांच्या भागीदारीत कंपनी स्थापन केली.

व्यवसाय जेमतेम मूळ धरत होता, तोच संकट आले. काचांवर चित्र उमटत नाही, अशा तक्रारी सुरू झाल्या. ही १८८१-८२ च्या सुमाराची गोष्ट. विक्रेत्यांकडे पडून राहिलेल्या काचांची प्रकाशसंवेदना काळानुसार कमी होते, असे आढळले. पुढे तर नव्याने केलेल्या काचाही निकामी निघू लागल्या. कृती तीच, कामगार तेच, यंत्रे तीच, पण माल मात्र बिघडलेला.

अशा वेळी व्यापाऱ्याला पळवाटा पुष्कळ असतात. माल नीट ठेवला नाही, चित्र घेणाऱ्याला जमले नाही, रसायने हलकी वापरली, असे म्हणून हात झटकता येतात. ईस्टमन यांनी तसे केले नाही. त्यांनी विकलेला माल परत घेतला आणि त्याची भरपाई करून दिली. कारखाना बंद ठेवला आणि एकामागून एक प्रयोग केले. तरीही कारण सापडेना. तेव्हा १८८२ मध्ये ते स्ट्राँग यांना बरोबर घेऊन इंग्लंडला गेले आणि न्यूकॅसल येथील मॉसन अँड स्वॉन या कंपनीच्या कारखान्यात जाऊन त्यांनी काम पाहिले. परत आल्यावर उलगडा झाला. दोष कृतीत नव्हता, जिलेटिनमध्ये होता. पुरवठादाराकडून आलेले जिलेटिन पूर्वीचे राहिले नव्हते. चांगले जिलेटिन मिळताच काचा पुन्हा उत्तम होऊ लागल्या. या भरपाईत कंपनीची सारी पुंजी खर्ची पडली. परंतु जे शिल्लक राहिले ते अधिक मोलाचे होते, ते म्हणजे कंपनीचे नाव, असा ईस्टमन यांचा हिशेब होता.

या प्रसंगात दोन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहाव्यात. पहिली, नुकसानभरपाई. दोष नेमका कोणाचा हे ठरण्यापूर्वीच त्यांनी ती दिली. ग्राहकाने पैसे ईस्टमन यांना दिले होते, जिलेटिनच्या पुरवठादाराला नव्हे, एवढे त्यांना पुरेसे होते. दुसरी, कारणाचा शोध. भरपाई देऊन ते थांबले नाहीत. कारण कळेपर्यंत विक्री करायची नाही, ही शिस्त त्यांनी पाळली. भरपाईविना शोध कोरडा ठरतो आणि शोधाविना भरपाई म्हणजे केवळ वेळ मारून नेणे होय.

या कथेला एक उत्तरार्ध आहे. जिलेटिन गुरांच्या कातडी-हाडांपासून तयार होते. एका जिलेटिनने काच संवेदनशील होते आणि दुसऱ्याने होत नाही, असे का, हे कोडे पुढे चाळीस वर्षे सुटले नव्हते. याच कंपनीच्या संशोधनशाळेत सॅम्युएल शेपर्ड यांनी १९२५ च्या सुमारास ते उकलले. जिलेटिनमध्ये अत्यल्प प्रमाणात असणारी गंधकयुक्त द्रव्ये ही संवेदना वाढवतात आणि गुरांनी खाल्लेल्या मोहरीच्या जातीच्या वनस्पतींतून ती येतात, असे त्यांनी दाखवून दिले. गुरांच्या चाऱ्यातील फरक छायाचित्राच्या काचेपर्यंत पोहोचत होता. कच्च्या मालाची परीक्षा आपल्या दारात करावी, हा धडा कंपनीने १८८२ मध्येच घेतला होता. त्याचे शास्त्रीय कारण नंतर हाती आले.

अवघड भाग कोणी उचलावा?

सन १८८८ मध्ये ईस्टमन यांनी ‘कोडॅक’ नावाचा लहान पेटीसारखा कॅमेरा बाजारात आणला. किंमत २५ डॉलर. त्यात १०० चित्रांची गुंडाळी भरलेली असे. चित्रे घेऊन झाली की ग्राहकाने संपूर्ण कॅमेराच रॉचेस्टरला टपालाने पाठवायचा. कारखान्यात गुंडाळी काढून धुतली जाई, चित्रे छापली जात आणि नवी गुंडाळी भरून कॅमेरा परत येई. त्याचे शुल्क १० डॉलर. कळ तेवढी तुम्ही दाबा, बाकी सारे आम्ही पाहू, या आशयाची त्यांची जाहिरात जगभर गाजली.

ही स्वस्ताई नव्हती आणि धर्मादायही नव्हता. तो चोख व्यवसाय होता. त्यातील विचार मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. सुरुवातीच्या त्या गुंडाळीत प्रतिमेचा नाजूक पापुद्रा कागदावरून सोडवून घ्यावा लागे. ते काम सामान्य माणसाच्या हातून होणे कठीण होते. कामाचे दोन भाग पाडून जो भाग ग्राहकाला झेपतो तेवढाच त्याच्याकडे ठेवायचा आणि जो झेपत नाही तो आपल्याकडे घ्यायचा, ही त्यामागची दृष्टी होती.

रुग्णालयात येणाऱ्या माणसाची स्थिती आठवावी. अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, उत्पन्नाचा दाखला कोठून आणायचा, शिधापत्रिकेची प्रत कोणाला दाखवायची, कोणती तपासणी उपाशीपोटी आणि कोणती जेवून, हे सारे त्याला अवघड असते आणि रुग्णालयाला ठाऊक असते. खेड्यातून आलेल्या मजुराचा एक हेलपाटा म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी. अवघड भाग ज्याला सोपा जातो त्याने उचलावा, हा १८८८ चा धडा नोंदणीकक्षापासूनच लागू होतो.

क्ष-किरण फिल्मवरील काळे ठिपके

रुग्णालयांशी थेट संबंध असलेला एक प्रसंग आता पाहू. राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि लवकरच कोडॅक कंपनी त्यांच्यासाठी लागणारे साहित्य तयार करू लागली. सन १९४५ मध्ये क्ष-किरण फिल्म वापरणाऱ्या ग्राहकांकडून तक्रारी आल्या की, न वापरलेल्या फिल्मवरही काळे ठिपके दिसतात. क्ष-किरण चित्रावरील ठिपका ही साधी गोष्ट नव्हे. तो ठिपका फुफ्फुसातील आहे की फिल्मवरचा, यावर निदान अवलंबून असते.

कंपनीतील शास्त्रज्ञ ज्यूलियन वेब यांनी या तक्रारीचा माग काढला. फिल्मच्या वेष्टनासाठी वापरलेला पेंढ्याचा पुठ्ठा किरणोत्सर्गी असल्याचे आढळले. तो इंडियाना राज्यातील व्हिन्सेन्झ येथे, वॉबॅश नदीकाठच्या गिरणीत तयार झाला होता. पुठ्ठ्यातील किरणोत्सर्गी द्रव्य कालांतराने ज्या वेगाने क्षीण होत होते, त्यावरून ते रेडियमसारखे नैसर्गिक द्रव्य नसून अणुविखंडनातून निघालेले सेरियमचे एक रूप असल्याचे वेब यांनी ठरवले. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात १६ जुलै १९४५ रोजी पहिला अणुस्फोट झाला होता. त्याची धूळ वाऱ्याबरोबर दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून आली, पावसाबरोबर नदीत उतरली आणि गिरणीच्या पाण्यातून पुठ्ठ्यात शिरली. वेब यांनी हे संशोधन १९४९ मध्ये प्रसिद्ध केले.

या प्रसंगात कंपनीचा यत्किंचितही दोष नव्हता. फिल्म बदलून देऊन प्रकरण मिटवता आले असते. परंतु तक्रार ही मिटवण्याची बाब नसून समजून घेण्याची बाब आहे, ही वृत्ती तेथे होती. म्हणून एका किरकोळ वाटणाऱ्या तक्रारीतून साऱ्या मानवजातीला जपण्याजोगे सत्य बाहेर आले. आपल्या वॉर्डात एकाच आठवड्यात दोन रुग्णांच्या जखमा चिघळल्या, तर तो योगायोग मानायचा की धागा धरून शस्त्रक्रियागृहापर्यंत मागे जायचे, हा प्रश्न याच जातीचा आहे.

तक्रार न करणाऱ्यांचे काय?

सन २००५ मधील एक घटना आजच्या पिढीला जवळची वाटेल. डिजिटल कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी जी चकती असते, तिच्यातील अंतर्गत जोड उष्ण व दमट हवेत सुटू लागले. चित्रे वेडीवाकडी येत किंवा मुळीच येत नसत. या चकत्या सोनी कंपनीने तयार केलेल्या होत्या आणि त्या इतर अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसवलेल्या होत्या. सोनीसह कॅनन, निकॉन, फुजीफिल्म, कोनिका मिनोल्टा इत्यादी कंपन्यांनी सदोष नमुन्यांच्या याद्या जाहीर केल्या आणि हमीची मुदत संपलेली असली तरी विनामूल्य दुरुस्ती करून देण्याचे घोषित केले. कोकणपट्टीसारख्या हवेत राहणाऱ्या माणसाला या घोषणेचे मोल विशेष जाणवेल.

येथे दोन गोष्टी बारकाईने पाहाव्यात. दोष पुरवठादाराचा असतानाही ज्यांचे नाव कॅमेऱ्यावर होते, त्यांनी तो आपला मानला. आणि ज्यांनी तक्रार केली त्यांच्यापुरतीच सवलत न ठेवता, ज्यांचा कॅमेरा अद्याप बिघडला नव्हता त्यांनाही सावध केले. पुढे २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाने कॅमेऱ्यांचा व्यवसायच सोडला, तेव्हाही जुन्या ग्राहकांच्या दुरुस्तीची व्यवस्था सोनीकडे सोपवली. दुकान बंद केले, शब्द मात्र उघडा ठेवला.

बोलणाऱ्याची दखल सर्वत्र घेतली जाते. जो बोलत नाही, लिहू शकत नाही, किंवा ज्याला आपले काही चुकीचे झाले आहे हेच कळलेले नाही, त्याच्यापर्यंत पोहोचणे ही सेवेची वरची पायरी होय. धर्मादाय रुग्णालयातील बहुसंख्य रुग्ण याच वर्गातील असतात.

उशिराची किंमत

या विषयाची दुसरी बाजूही नमूद करणे अगत्याचे आहे. निकॉन कंपनीने सप्टेंबर २०१२ मध्ये ‘डी ६००’ हा कॅमेरा आणला. थोड्याच दिवसांत त्याच्या चित्रांवर ठिपके पडत असल्याच्या तक्रारी झाल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने साफसफाईचा सल्ला देणारे निवेदन काढले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘डी ६१०’ हा सुधारित नमुना विक्रीस आला. जुन्या ग्राहकांचा झडपेचा भाग मुदतीची अट न ठेवता विनामूल्य बदलून देण्याची घोषणा मात्र २०१४ च्या आरंभी झाली. मार्च २०१४ मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने ग्राहकदिनाच्या कार्यक्रमात हा विषय मांडला आणि शांघायच्या अधिकाऱ्यांनी त्या कॅमेऱ्याची विक्री थांबवण्याचा आदेश दिला. त्यानंतर, वारंवार दुरुस्ती करूनही दोष राहिल्यास कॅमेरा बदलून देण्याची तयारी कंपनीने दर्शवली.

अखेरीस दिलेली सेवा उदारच होती. परंतु तीच सेवा वर्षभर आधी मिळती, तर कंपनीचा गौरव झाला असता. उशिरा मिळाल्याने ती ग्राहकाला दिलेल्या शब्दापेक्षा बाहेरच्या दडपणाचे फळ वाटली. योग्य गोष्ट योग्य वेळी केली तरच ती सेवा ठरते.

कोडॅकचा इतिहासही डोळसपणे वाचला पाहिजे. त्याच कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला, आणि तरीही बदलत्या काळाशी वेळेवर जुळवून न घेतल्याने जानेवारी २०१२ मध्ये कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. पूर्वजांची पुण्याई आयुष्यभर पुरत नाही. ती दररोज नव्याने मिळवावी लागते.

रुग्णालयासाठी बोध

काहींना वाटेल की, धर्मादाय रुग्णालयात रुग्णाला ग्राहक म्हणणे अप्रशस्त आहे. या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यातील निर्णय ध्यानात घ्यावा. ज्या रुग्णालयात काहींकडून शुल्क घेतले जाते आणि काहींना सेवा विनामूल्य मिळते, तेथील विनामूल्य उपचार घेणारा रुग्णही कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच ठरतो, असे न्यायालयाने त्यात म्हटले. याचा नैतिक अर्थ कायद्याहून मोठा आहे. मोफत खाटेवरील रुग्णाला मिळणारी सेवा उपकार म्हणून कमी प्रतीची असू शकत नाही. शुल्क माफ होते, जबाबदारी माफ होत नाही.

दुसरा बोध नोंदींचा. कंपन्यांना सदोष नमुन्यांच्या याद्या जाहीर करता आल्या, कारण कोणत्या नमुन्यात कोणता भाग बसवला याची नोंद त्यांच्याकडे होती. याउलट, ऑगस्ट २०१० मध्ये ए.एस.आर. नावाचे खुब्याचे रोपण सदोष म्हणून जगभरातून मागे घेण्यात आले, तेव्हा भारतातील अनेक रुग्णांचा माग पुढे कित्येक वर्षे लागू शकला नाही. शरीरात सदोष रोपण घेऊन माणसे वावरत राहिली आणि त्यांना कळवायचे कोठे, हेच कोणाला ठाऊक नव्हते. रोपणाचा क्रमांक, रक्तपिशवीचा क्रमांक, औषधाचा गटक्रमांक आणि रुग्णाचा चालू पत्ता यांची नोंद म्हणजे रुक्ष कारकुनी नव्हे. उद्या एखादी वाईट बातमी कळवायची वेळ आली, तर त्या माणसाच्या दारापर्यंत नेणारी ती एकमेव वाट आहे.

तिसरा बोध कर्मचाऱ्यांच्या सहभागाचा. कोडॅकने १८९८ मध्ये कामगारांकडून सूचना मागवण्याची पद्धत सुरू केली. कारखान्याच्या खिडक्या धुवाव्यात, म्हणजे उजेड चांगला येईल, या सूचनेला पहिले २ डॉलरचे बक्षीस मिळाले. दोष प्रथम दिसतो तो कामाच्या अगदी जवळ असणाऱ्याला. आपल्याकडे तो परिचारिकेला, आयाबाईंना, वॉर्डबॉयला दिसतो. त्यांनी सांगावे असे वाटत असेल, तर सांगणाऱ्याला दोषी धरण्याची रीत प्रथम सोडावी लागते.

जाता जाता एवढे नमूद करतो की, ईस्टमन यांनी आपल्या संपत्तीचा मोठा वाटा लोकोपयोगी कार्यास दिला. रॉचेस्टर येथे १९१७ मध्ये मुलांसाठी दंतचिकित्सालय सुरू झाले. पुढे लंडन, रोम, पॅरिस, ब्रसेल्स आणि स्टॉकहोम येथेही त्यांच्या देणगीतून तशीच चिकित्सालये उभी राहिली. दातृत्व मोठेच. परंतु आमच्या मते १८८२ मध्ये गाठीला फारसे काही नसताना त्यांनी परत घेतलेल्या काचा या त्या देणग्यांहून तसूभरही कमी मोलाच्या नाहीत.

विभागवार चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या विभागातून रुग्णाच्या हाती जाणाऱ्या कोणत्या गोष्टीची परीक्षा रुग्ण स्वतः करू शकत नाही?

२. त्या गोष्टीत दोष असल्याचे उद्या कळले, तर गेल्या वर्षभरातील संबंधित रुग्णांची यादी किती वेळात तयार होईल?

३. पुरवठादाराच्या दोषामुळे तपासणी पुन्हा करावी लागली, तर तिचा खर्च आणि रुग्णाचा हेलपाटा कोणाच्या माथी पडतो?

४. आलेल्या तक्रारींपैकी किती केवळ मिटवल्या गेल्या आणि किती समजून घेतल्या गेल्या?

५. रुग्णाकडून करवून घेतले जाणारे असे कोणते काम आहे, जे आपण अधिक सहज करू शकू?

प्रत्येक विभागाने या प्रश्नांची लेखी उत्तरे काढावीत आणि विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीपूर्वी ती कार्यालयात द्यावीत, अशी विनंती आहे. देणगीदार व हितचिंतकांनीही आपल्या सूचना अवश्य कळवाव्यात. त्यांचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करू.